एक हालचाल पुरे असते

संगणकावर काम करताना शिफ्टची कळ चुकून सलग ५ वेळा दाबली गेली, की पडद्यावर एक चौकट उघडते आणि ‘स्टिकी कीज सुरू करायच्या का?’ असे विचारते. आपण वैतागून ‘नाही’ म्हणतो आणि पुढे जातो. मीही वर्षानुवर्षे तेच करत होते. ती चौकट कोणासाठी असते, हे मला एका रुग्णामुळे कळले.

तो संगमेश्वर तालुक्यातला, वय २६, बी. कॉम. झालेला. हंगामाच्या ऐन धांदलीत आंबे काढताना झाडावरून पडला, मानेतला मणका मोडला आणि मज्जारज्जूला इजा झाली. कोकणातल्या डॉक्टरांना हा अपघात नवा नाही. शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला. आठ-नऊ महिन्यांनी भावाने त्याला उचलून दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी आणले. मी तपासले. खांदे हलत होते. कोपर दुमडता येत होते, पण जोर लावून सरळ करता येत नव्हते. बोटांत हालचाल नव्हती, पायांतही नव्हती. मी टक्केवारीचे गणित केले आणि कागद भरला. त्याची आई शांतपणे म्हणाली, “टक्के कळले हो डॉक्टर. पण आता हा दिवसभर करणार काय?”

मी फिजिशियन आहे. सरकारी नोकरीत केस पिकले. रक्तदाब, मधुमेह, सर्पदंश, लेप्टोस्पायरोसिस यांवर मला पुष्कळ बोलता येते. या प्रश्नावर मात्र माझ्याकडे उत्तर नव्हते.

उत्तर शोधले ते आमच्याकडच्या एका तरुण फिजिओथेरपिस्ट मुलीने. तिने कापडी पट्टा त्याच्या तळव्याभोवती बांधला आणि त्यात एक पेन्सिल उलटी खोचली. खोडरबराचे टोक झाले त्याचे बोट. भावाचा जुना लॅपटॉप समोर ठेवला. खांद्याने हात पुढे नेऊन तो एकेक कळ दाबू लागला. पण मराठीच्या इनस्क्रिप्ट कळफलकावर ख, घ, छ, झ, थ, ध, भ ही अक्षरे शिफ्ट दाबून धरल्याशिवाय येत नाहीत, आणि एका पेन्सिलीने दोन कळा एकदम दाबता येत नाहीत. तेव्हा तिने शिफ्ट ५ वेळा दाबली आणि त्या चौकटीला ‘हो’ म्हटले. आता शिफ्ट दाबून सोडली तरी ती पुढच्या अक्षरापर्यंत लक्षात राहत होती. त्याने पहिला शब्द लिहिला, ‘घर’. त्यातला घ शिफ्टचा होता.

आज तो दोन बागायतदारांच्या पेट्यांचा आणि मजुरीचा हिशेब घरी बसून ठेवतो.

टक्केवारी काय मोजते

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली आला. १९९५ च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, ते २१ झाले. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असेल तर नोकरीतले आरक्षण आणि इतर लाभ मिळू शकतात. प्रमाणपत्र म्हणून महत्त्वाचे आहेच, ते जरूर काढावे. पण डॉक्टर म्हणून आम्ही त्यात फक्त एवढेच मोजतो, की किती गेले.

साहाय्यक तंत्रज्ञानाचा सगळा डोलारा उलट्या प्रश्नावर उभा आहे. या माणसाला मनात येईल तेव्हा, पुन्हा पुन्हा आणि फार न थकता करता येईल अशी एक तरी हालचाल शिल्लक आहे का? भुवई उचलणे, हनुवटी हलवणे, पायाचा अंगठा दाबणे, गाल आकसणे, नळीत फुंकर मारणे, काहीही चालेल. अशी एक हालचाल असली तर संगणक चालवता येतो. डोळे नसतील तर संगणक कानांशी बोलतो, कान नसतील तर डोळ्यांना दाखवतो.

हे काही कालपरवाचे नाही. इटलीत १८०८ च्या सुमारास पेलेग्रिनो तुर्री याने आपल्या अंध मैत्रिणीला स्वतःच्या हाताने पत्रे लिहिता यावीत म्हणून एक यंत्र बनवले. टाइपरायटरच्या अगदी सुरुवातीच्या पूर्वजांत त्याची गणना होते. १९७६ साली अमेरिकेत रे कर्झवाइल यांनी छापील पान पाहून मोठ्याने वाचणारे यंत्र अंधांसाठी तयार केले. आज आपण सगळे फोनच्या कॅमेऱ्याने कागदावरचा मजकूर उचलतो, त्या तंत्राच्या मुळाशी हे काम आहे. ‘स्टिकी कीज’सारख्या सोयींवर विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ट्रेस सेंटरने काम केले आणि विंडोज ९५ पासून त्या थेट संगणकातच आल्या. म्हणजे गेली ३० वर्षे ही सोय आपल्या टेबलावर आहे. फक्त जिला तिची गरज आहे, त्या व्यक्तीपर्यंत ती पोहोचलेली नाही.

डोळ्यांचे काम कानांनी

मधुमेहाने दृष्टिपटल खराब झालेले एक निवृत्त गुरुजी माझ्याकडे साखर तपासायला येतात. दोन वर्षांपूर्वी त्यांनी फोन बाजूला ठेवला होता. “दिसत नाही तर त्याचं काय करू?” असे म्हणाले. खरे तर त्यांच्याच फोनमध्ये ‘टॉकबॅक’ नावाची सोय बसवलेली होती. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’ विभागात ती सापडते. आयफोनमध्ये तिचे नाव ‘व्हॉइसओव्हर’. ती सुरू केली की बोट जिथे टेकेल तिथे काय आहे ते फोन बोलून सांगतो. हवे ते ऐकू आले की पडद्यावर दोनदा टिचकी मारायची. मराठी आवाज निवडला तर मराठी मजकूर मराठीत वाचला जातो. आवाजाची फाइल एकदा उतरवून ठेवली की वाचनासाठी नेटची गरज राहत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात नेटवर्क कसे असते हे मी सांगायला नको.

एक सावधगिरी मात्र हवी. टॉकबॅक सुरू झाले की फोनची रीत बदलते. एका टिचकीने काही उघडत नाही, एका बोटाने पान सरकत नाही. उत्साही नातवाने सुरू करून दिले आणि नंतर कोणालाच बंद करता येईना, म्हणून ‘फोन बिघडला’ असे समजून दुकानात नेल्याचे मी एकाहून अधिक घरांतून ऐकले आहे. म्हणून आधी सांभाळणाऱ्याने शिकावे: निवडायला दोन टिचक्या, पान सरकवायला दोन बोटे. बऱ्याच फोनमध्ये आवाजाच्या दोन्ही कळा काही सेकंद एकदम दाबून धरल्या की टॉकबॅक सुरू किंवा बंद होते. हा शॉर्टकट आधीच लावून ठेवावा. गुरुजींना हात बसायला तीन आठवडे लागले. आता ते सकाळी बातम्या ऐकतात आणि नातीला बोलून संदेश पाठवतात. गूगलचे बोलून लिहिणे २०१७ पासून मराठीत आहे.

संगणकासाठी ‘एनव्हीडीए’ नावाचा वाचक आहे. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने २००६ साली त्याचे काम सुरू केले. पडदा वाचणारे चांगले सॉफ्टवेअर तेव्हा फार महाग होते. लहानपणी संगीताच्या शिबिरात भेटलेला त्याचा अंध मित्र जेम्स तेह त्याला येऊन मिळाला. दोघांनी ठरवले की हे फुकट असले पाहिजे, आणि आजही ते फुकट आहे. त्याच्यासोबत येणारा ‘ई-स्पीक’ हा आवाज मराठी वाचतो. तो यंत्रासारखा वाटतो, पण सरावलेली अंध व्यक्ती तो इतक्या वेगाने ऐकते की आपल्याला त्यातला शब्दही पकडता येत नाही.

ज्यांची थोडी दृष्टी शिल्लक आहे, त्यांना लगेच टॉकबॅककडे ढकलू नये. काचबिंदू किंवा दृष्टिपटलाच्या आजारात पुष्कळ जणांना मोठे अक्षर, काळ्यावर पांढरा मजकूर आणि पडदा मोठा करून दाखवणारे भिंग एवढे पुरते. उरलेली दृष्टी वापरल्याने झिजत नाही. हे वाक्य मला ओपीडीत रोज म्हणावे लागते.

लहान अंध मुलांबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. ‘आता फोन बोलतो, मग ब्रेल कशाला?’ असे काही पालक विचारतात. नुसते ऐकून ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही, जोडाक्षर कळत नाही, गणिताची मांडणी कळत नाही. १९५१ पासून आपल्या भाषांसाठी भारती ब्रेल ही समान पद्धत आहे. तीच या मुलांची लिहिण्या-वाचण्याची लिपी. आपल्या जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातल्या घराडी येथे स्नेहज्योती ही अंध मुलांची निवासी शाळा आहे. घरात अंध मूल असेल तर ‘थोडे मोठे होऊ दे’ म्हणून वर्षे घालवू नयेत. ब्रेल आणि संगणक दोन्ही शिकायला हवेत, आणि लवकर शिकायला हवेत.

एका बटणाची करामत

स्टीफन हॉकिंग यांना बहुतेक वाचकांनी चित्रात पाहिले असेल. त्यांना चेतापेशींचा आजार होता. १९८५ साली श्वासनलिकेला छिद्र पाडावे लागले आणि आवाज गेला. सुरुवातीला ते हातातले बटण दाबून शब्द निवडत. हात थांबला तेव्हा चष्म्याला लावलेले एक संवेदक त्यांच्या गालाची हालचाल टिपू लागले. इतकी पुस्तके, इतकी व्याख्याने शेवटी एका गालाच्या स्नायूवर चालली.

ही पद्धत समजायला सोपी आहे. पडद्यावर अक्षरांचा तक्ता असतो. प्रकाशाची पट्टी एकेका ओळीवरून सरकते. हव्या त्या ओळीवर आली की बटण दाबायचे. मग ती त्या ओळीतल्या एकेका अक्षरावरून सरकते. पुन्हा बटण दाबायचे, की अक्षर उमटते. याला ‘स्कॅनिंग’ म्हणतात. इंटेल कंपनीने हॉकिंग यांच्यासाठी विकसित केलेली प्रणाली २०१५ मध्ये सर्वांसाठी मोफत खुली केली. अँड्रॉइडमधले ‘स्विच ॲक्सेस’ आणि आयफोनमधले ‘स्विच कंट्रोल’ याच तत्त्वावर चालतात. अँड्रॉइडमध्ये आता बाहेरचे बटणही लागत नाही. हसणे, भुवया उचलणे, तोंड उघडणे, नजर वळवणे हे फोनचा कॅमेरा ओळखतो आणि त्यालाच बटण मानतो. मान हलते पण हात हलत नाहीत, अशांसाठी साध्या वेबकॅमवर चालणारे ‘ई-व्हायाकॅम’ हे मोफत सॉफ्टवेअर आहे. डोके वळेल तसा बाण सरकतो आणि एका जागी थोडा वेळ थांबला की टिचकी पडते.

या विषयातली माझी एक चूक इथे सांगते. राजापूरकडचे एक निवृत्त एसटी वाहक हॉकिंग यांच्यासारख्याच आजाराने माझ्याकडे येत होते. आजार वाढत जाणार, आवाज जाणार, हे मला पहिल्या महिन्यापासून माहीत होते. मी गोळ्या दिल्या, गिळण्याचे व्यायाम सांगितले. पण हात चालत असतानाच पुढच्या संवादाची तयारी करायला सांगायचे माझ्या मनात आले नाही. आले तेव्हा त्यांच्या फक्त भुवया उरल्या होत्या आणि नवीन यंत्र शिकण्याची ताकद संपत आली होती.

मार्ग काढला तो त्यांच्या पत्नीने, आणि तो आपल्या वर्णमालेतून निघाला. आपली व्यंजने मुळातच ओळींत मांडलेली आहेत. त्या म्हणत, “क? च? ट? त? प?” ज्या वर्गावर भुवई उचलली जाई, त्यातले पाच उच्चार त्या म्हणत. मग “काना? वेलांटी? उकार?” रोमन लिपीत असा तक्ता कोणीतरी बनवावा लागतो, आपल्याकडे तो पहिलीच्या पुस्तकातच आहे. अशा रीतीने त्यांनी शेवटचे दोन महिने नवऱ्याशी बोलणे चालू ठेवले. यंत्र नव्हते, वीज लागत नव्हती. पण मी सहा महिने आधी बोलले असते तर त्यांना बरेच काही स्वतः लिहून ठेवता आले असते.

तेव्हापासून हा आजार निदान झाला, की औषधांच्या चिठ्ठीसोबतच मी ही गोष्ट काढते. ऐकायला कठोर वाटते. पण आवाज आहे तोवर स्वतःच्या आवाजात नेहमीची वाक्ये ध्वनिमुद्रित करून ठेवणे, हात चालतात तोवर स्कॅनिंगचा सराव करणे, यासाठी वेळ लागतो आणि तोच या आजारात कमी असतो.

बोलता न येणारे मूल

सेरेब्रल पाल्सी असलेल्या किंवा स्वमग्न मुलांपैकी काहींना समजते पुष्कळ, पण शब्द फुटत नाहीत. अशा मुलांसाठी चित्रांवर बोट ठेवले की फोन बोलतो, अशी ॲप आहेत. मुंबईच्या आयआयटीतल्या आयडीसी या अभिकल्प विभागाने बनवलेले ‘जेलो’ हे त्यापैकी एक. ते मोफत आहे आणि मराठीतही आहे. चेन्नईत तयार झालेले ‘आवाज’ हेही याच प्रकारातले, भारतीय घर डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले.

पालकांची भीती ठरलेली असते: “फोनच बोलायला लागला तर हा बोलायचा प्रयत्नच सोडून देईल.” आजवरच्या अभ्यासांत तसे आढळलेले नाही. उलट काही मुलांचे बोलणे थोडे वाढते, कारण आपण सांगितले की समोरचा ऐकतो, हे मुलाला प्रथमच कळते. मात्र ॲप उतरवून फोन मुलाच्या हातात देणे म्हणजे उपचार नव्हे. आईने स्वतः बोलताना त्याच चित्रांवर बोट ठेवून बोलले पाहिजे. मूल ऐकून भाषा शिकते, तसे हेही पाहून शिकते.

त्याआधीची पायरी बसण्याची. मूल एका बाजूला कलंडलेले, पाय लोंबकळलेले आणि मान खाली असेल तर त्याची सगळी शक्ती तोल सांभाळण्यात जाते. कंबर पाठीला टेकलेली, पाय पाटावर टेकलेले आणि डोके मध्ये, एवढे साधले की जो हात कालपर्यंत भरकटत होता, तो पडद्यावर नेमका पोहोचतो. खुर्चीला दोन उशा आणि पायाखाली पाट, एवढ्याने हे झालेले मी पाहिले आहे.

बसण्याबद्दल मज्जारज्जूच्या रुग्णांसाठीही एक इशारा. संगणकाची गोडी लागली की तासन् तास एकाच जागी बसणे होते. कमरेखाली संवेदना नसल्याने दुखत नाही आणि बैठकीवर जखम होते. ती भरायला महिने लागतात. दर १५ ते २० मिनिटांनी अंगाचा भार बदलायचा. यासाठी त्याच संगणकावर गजर लावावा.

ऐकू न येणाऱ्यांशी बोलताना

माझ्या टेबलावर आता एक फोन कायम उभा असतो. ऐकू कमी येणारे आजोबा समोर बसले की मी ‘लाइव्ह ट्रान्सक्राइब’ सुरू करते. मी मराठीत बोलते, माझे शब्द पडद्यावर उमटतात, आजोबा वाचतात. गूगलने हे २०१९ मध्ये, बहिऱ्यांसाठीच्या गॅलॉडेट विद्यापीठाच्या सहकार्याने आणले. पूर्वी अशा आजोबांशी मी ओरडून बोलत असे आणि त्यांचा आजार बाहेरच्या रांगेला कळत असे. ते आता थांबले.

याच्या मर्यादा मात्र ओळखाव्यात. यंत्र औषधांची नावे आणि मात्रा चुकवते. त्या मी नेहमी कागदावर लिहून देते. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या अनेकांची पहिली भाषा सांकेतिक भाषा असते आणि मराठी ही नंतर शिकलेली दुसरी. त्यांच्यासमोर नुसता मराठी मजकूर धरणे म्हणजे संवाद झाला असे नव्हे. तिथे दुभाष्याला पर्याय नाही.

अडथळा आपणच घालतो

इथवर वाचून वाटेल की आता सगळे सुटले. तसे झालेले नाही, आणि त्याचे कारण तंत्रज्ञानात नाही, आपल्या सवयींत आहे.

गुरुजींना मध्यंतरी एका कार्यालयाकडून व्हॉट्सॲपवर एक परिपत्रक आले. छापील कागदावर सही-शिक्का मारून त्याचा फोटो काढलेला. टॉकबॅक त्यावर एवढेच म्हणाले, ‘चित्र’. ज्यात हयातीच्या दाखल्याची मुदत होती, तो कागद त्यांच्या हातात असून नसल्यासारखा होता. दुसरी अडचण जुन्या फॉन्टची. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, तरी अजून अनेक ठिकाणी मराठी मजकूर जुन्या फॉन्टमध्ये टाइप होतो. डोळ्यांना तो मराठी दिसतो, पण आत संगणकाच्या दृष्टीने ती रोमन चिन्हे असतात. वाचक यंत्र ती प्रामाणिकपणे वाचते आणि ऐकणाऱ्याच्या पदरी निव्वळ गोंगाट येतो.

यावर उपाय करायला पैसा लागत नाही. मराठी युनिकोडमध्ये लिहा. सूचना फोटोने पाठवलीत तर खाली तोच मजकूर टाइप करा. पीडीएफ थेट संगणकातून बनवा, छापून पुन्हा स्कॅन करू नका. सोसायटीच्या सूचनेपासून शाळेच्या वेळापत्रकापर्यंत हे प्रत्येकाला करता येते.

आता हा नुसता चांगुलपणाचा विषय राहिलेला नाही. २०१६ च्या अधिनियमाचे कलम ४२ माहिती आणि संपर्काची साधने दिव्यांगांना वापरता येतील अशी हवीत, असे सांगते. ॲसिड हल्ल्यात चेहरा आणि डोळे जखमी झालेल्या एका महिलेला बँक खाते उघडताना कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करायला सांगितले गेले. तिला ते शक्यच नव्हते. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीवनाच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले. पुस्तकांच्या बाबतीत तर भारत पुढे होता. छापील पुस्तक वाचू न शकणाऱ्यांसाठी पुस्तकांचे रूपांतर सुलभ करणाऱ्या माराकेश कराराला २०१४ मध्ये सर्वांत आधी मान्यता देणारा देश आपलाच. २०१६ पासून ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय अशा वाचकांसाठी सुरू आहे.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६० हजार दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. साधनांसाठी केंद्राची एडिप योजना आहे. ग्रामपंचायत आणि नगरपालिकेला स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. आपल्या ग्रामपंचायतीत हा निधी कुठे जातो, हे ग्रामसभेत विचारायला हरकत नाही. स्टीलची भांडी वाटण्यापेक्षा एक संगणक आणि शिकवणारे एक माणूस ठेवले तर पाच-सहा वाड्यांतल्या मुलांना त्याचा उपयोग होईल.

घरी काय करावे

घरात अशी व्यक्ती असेल तर खर्च करण्याआधी चार गोष्टी करा. पहिली, ती व्यक्ती कोणती हालचाल नेमकी आणि न थकता करू शकते, ते दोन दिवस नुसते पाहा. दुसरी, हातातल्याच फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ‘ॲक्सेसिबिलिटी’ हा विभाग सावकाश वाचा. निम्म्या गरजा तिथेच भागतात. तिसरी, महागडे यंत्र घेण्याआधी फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टला दाखवा. साध्या पट्ट्याने भागत असेल तर हजारो रुपये घालू नका. एक छोटी सूचना: खोडरबराची पेन्सिल कळफलकावर चालते, टचस्क्रीनवर चालत नाही. तिथे टचचे पेन लागते. चौथी गोष्ट सर्वांत अवघड आहे. शिकताना चुकू द्या. ‘दे, मी करतो’ म्हणून फोन हातातून काढून घेणारा प्रेमळ नातेवाईक हाही एक अडथळाच असतो.

त्या मुलाची आई अधूनमधून स्वतःच्या गुडघेदुखीसाठी येते. मागच्या खेपेला तक्रार करत होती, “हल्ली जेवायला हाक मारली तर येत नाही हो. म्हणतो, हिशेब पुरा करतो आणि येतो.” मी तिला गोळ्या लिहून दिल्या. त्या तक्रारीवर मला औषध द्यायचे नव्हते.

प्रमाणपत्राच्या दिवशी आता टक्केवारी लिहून झाली की मी पेन खाली ठेवते आणि विचारते, “फोन आहे ना तुमच्याकडे? दाखवा बरं, तो कसा वापरता.” त्याला पाच मिनिटे लागतात. बाहेर रांग असते, मागचे लोक कुरकुरतात. तरी मी विचारते.